फायब्रिन ग्लू आणि स्किन ग्लू: ओटीच्या ट्रॉलीवरून दिलेला रिव्ह्यू

मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब नर्स आहे, ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात वस्तू देणारी. ग्लूबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर सर्जन लोकांनी लिहिलेलं असतं नाहीतर कंपनीच्या माहितीपत्रकात असतं, पण तो ग्लू फ्रीझरमधून काढणं, कोमट करणं, सिरिंज जोडणं, नेमक्या वेळेला हातात देणं आणि उरला की टाकून देणं हे सगळं आमच्या हातून होतं, त्यामुळे आमच्या बाजूनं पण कोणीतरी लिहायला पाहिजे असं फार वाटायचं.

घाईत असाल तर माझं मत इथेच घ्या. फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांपासून केलेला, ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला आणि भाग चिकटवायला वापरायचा ग्लू, ही मनापासून आवडलेली वस्तू आहे, ५ पैकी ४ देईन, पण तो टाक्याच्या जोडीला आहे, टाक्याच्या जागी नाही. जागा कोरडी करता आली आणि तिथे ओढ नसली तर त्याच्यासारखं काही नाही, आणि जागा ओली असेल तर अख्खं किट वाया गेलं समजा. स्किन ग्लू, म्हणजे कातडीवरची जखम वरून बंद करायचा ग्लू, त्याचं पण तसंच, योग्य जखमेला पैकीच्या पैकी आणि चुकीच्या जखमेला शून्य. बाकीचे ग्लू आहेत त्यांच्याबद्दल पुढे थोडं थोडं लिहिलंय.

आधी फायब्रिन ग्लूच्या किटमध्ये असतं काय ते. आपलं रक्त गोठताना शेवटच्या पायरीला जे घडतं तेच दोन सिरिंजमध्ये वेगवेगळं करून ठेवलेलं असतं. एकीत फायब्रिनोजेन आणि त्याच्यासोबत थोडा फॅक्टर तेरा, दुसरीत थ्रॉम्बिन आणि कॅल्शियम क्लोराईड. टोकाशी दोन्ही एकत्र आले की थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे कापून काढतं, मग उरलेले रेणू एकमेकांत अडकून फायब्रिनचं जाळं तयार होतं आणि फॅक्टर तेरा त्या जाळ्याला आडवे बंध घालून पक्कं करतो. आपल्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रव भागात, फायब्रिनोजेन साधारण २ ते ४ मिलिग्रॅम प्रति मिली असतं, टिसील ह्या ब्रँडसारख्या किटमध्ये ते ६७ ते १०६ मिलिग्रॅम असतं, म्हणून ही गाठ नेहमीच्या रक्ताच्या गाठीपेक्षा कितीतरी घट्ट होते. आणि महत्त्वाचं म्हणजे लागणारा सगळा माल किटमध्येच असल्यामुळे पेशंटला हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दिलेलं असलं तरी ग्लू आपलं काम करतो, बायपासच्या ओटीत त्याची किंमत ह्यासाठीच आहे. दोनेक आठवड्यांत शरीर तो विरघळवून टाकतं, मागे काही राहत नाही. काही किटमध्ये ॲप्रोटिनिन पण असतं, ते गाठ लवकर विरघळू नये म्हणून. एविसेल नावाच्या किटमध्ये ते नाही, तिथे गाठ विरघळवणारं प्लाझ्मिनोजेनच आधी काढून टाकलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण ॲप्रोटिनिन आधी मिळालेल्या पेशंटला ते पुन्हा मिळालं तर ॲलर्जीची जोरदार रिॲक्शन येऊ शकते, म्हणून आधीच्या ऑपरेशनमध्ये ग्लू वापरला होता का हे फाईलमध्ये बघायची सवय मी लावून घेतलीये.

आता माझ्या आवडीचा विषय, थ्रॉम्बिनची ताकद. नवीन मुली ओटीत येतात तेव्हा त्यांना मी सगळ्यात आधी हेच समजावते कारण ह्याच्यावर सगळं अवलंबून आहे. टिसीलमध्ये थ्रॉम्बिन ५०० युनिट प्रति मिली असतं, म्हणजे ग्लू पडला की काही सेकंदात जमतो. आर्टिस नावाच्या किटमध्ये तेच थ्रॉम्बिन फक्त ४ युनिट आहे, त्यामुळे जमायला साधारण एक मिनिट मिळतं. फायब्रिनोजेनची बाजू जवळपास तीच, फरक फक्त वेगाचा, पण काम पूर्ण वेगळं. रक्त झिरपतंय आणि थांबवायचंय तर पहिला हवा. भाजलेल्या पेशंटला स्किन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेल्या कातडीचा तुकडा, बसवायचाय तर दुसरा, कारण ग्राफ्ट ठेवल्यावर तो सरकवायला, सुरकुती काढायला, कडेला नेऊन नीट जुळवायला वेळ लागतो. इथे जलद जमणारा ग्लू दिला तर ग्राफ्ट जिथे पहिल्यांदा टेकला तिथेच बसणार, मग सुरकुती कायमची. आर्टिसला अमेरिकेत २००८ मध्ये ह्याच कामासाठी मान्यता मिळाली आणि ही वस्तू खरंच विचार करून केलीये असं मला वाटतं.

ग्राफ्टचं काम जवळून बघण्यासारखं असतं. जखमेची जागा आधी नीट कोरडी करायची, मग बारीक फवारा, इतका पातळ की ओली चकाकी दिसली की बस, थेंब ओघळायला लागले म्हणजे जास्त झाला. २ मिलीमध्ये साधारण १०० चौरस सेंटिमीटर जागा होते. मग ग्राफ्ट पसरायचा, मिनिटभरात हवा तसा हलवून घ्यायचा आणि नंतर किमान तीन मिनिटं हलक्या हातानं दाबून धरायचा, आणि ह्या तीन मिनिटात कोणी काही बोललं, फोन वाजला, ड्रेसिंग मागितलं, तरी हात उचलायचा नाही. ग्राफ्ट धरून ठेवायला स्टेपल लावलेले नसल्यामुळे नंतर ड्रेसिंगच्या वेळी ते उपटायचे नसतात, आणि भाजलेल्या मुलांच्या अंगावरून एकेक स्टेपल काढताना जे रडणं ऐकलंय ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी ह्या एका गोष्टीसाठी ग्लूला इतके मार्क का देते ते कळेल.

तयारीबद्दल. ही माझ्या मते ह्या वस्तूची सगळ्यात कमकुवत बाजू. गोठवलेल्या सिरिंज उणे २० किंवा त्याहून खाली ठेवायच्या असतात आणि त्या थॉ व्हायला, म्हणजे वितळायला, वेळ लागतो, ३७ अंशाच्या वर गरम करायच्या नाहीत, मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, आणि एकदा थॉ झाल्या की परत गोठवता येत नाहीत. पावडरवाला किट असेल तर फायब्रिनोजेन विरघळवण्यासाठी गरम करून ढवळणारं छोटं मशीन असतं, त्यात बाटलीच्या तळाशी चुंबकाचा दांडा फिरतो, आणि तरीही द्रावण पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबावं लागतं, घाई केली की गुठळ्या राहतात आणि मग टिपमध्ये अडकतात. विरघळवल्यावर चार तासांच्या आत वापरायचं. म्हणजे सर्जननी "ग्लू द्या" म्हटल्यावर लगेच देता येईल अशी ही वस्तू नाही आणि सगळ्यात जास्त वैताग ह्याचाच होतो, कारण आधी काढून ठेवला आणि लागला नाही तर एवढी महाग वस्तू कचऱ्यात, आणि नाही काढला तर पेशंटचं पोट उघडं ठेवून सगळे माझ्याकडे बघत उभे. ह्याच्यावर उपाय एकच, ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी सर्जनना सरळ विचारायचं की सर आज ग्लू लागण्याची शक्यता किती आणि कुठल्या टप्प्यावर, म्हणजे मला कधी काढायचा ते ठरवता येईल. जे सर किंवा मॅडम हे आधी सांगतात त्यांच्या ओटीत ग्लू वाया जात नाही.

दोन सिरिंजसाठी दोन वेगळ्या सुया, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. थ्रॉम्बिनची सुई चुकून दुसऱ्या बाटलीत गेली की तिथेच जमलं सगळं. मी पाहिलेल्या एका किटमध्ये दोन्ही बाटल्यांच्या टोपणांचे रंग इतके मिळतेजुळते होते की ओटीतल्या पिवळट उजेडात फरक कळायचा नाही, आम्ही त्यावर मार्करनं खुणा करायचो. असल्या वस्तूत रंग ठळक असायलाच हवेत.

टिप, म्हणजे दोन्ही सिरिंजच्या तोंडाला जोडायचं टोक, बंद पडणं. घरी दोन ट्यूब मिसळून लावायचा चिकटा वापरला असेल तर कल्पना येईल, दोन्ही द्रव टिपच्या आत भेटतात, तुम्ही दोन क्षण थांबलात की तिथेच दगड. म्हणून एकदा सुरू केलं की एका दमात लावायचं. थांबावंच लागलं तर जोराजोरानं प्लंजर दाबत बसू नका, टिप काढा, सिरिंजची तोंडं कोरड्या गॉजनं पुसा, नवीन टिप लावा, किटमध्ये जास्तीच्या टिपा त्याचसाठी दिलेल्या असतात. आणि पहिले एक-दोन थेंब बाहेर गॉजवर टाकून मगच जखमेवर जा, कारण सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्या येतातच असं नाही, आणि नुसतं फायब्रिनोजेन किंवा नुसतं थ्रॉम्बिन पडलं तर त्याचा काही उपयोग नाही.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. अल्कोहोल आणि आयोडीन थ्रॉम्बिनला निकामी करतात. म्हणजे ज्या जागेवर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिरवलंय तिथे थेट ग्लू टाकला तर तो नीट जमणार नाही, आणि मग "हा लॉट खराब आहे" अशी तक्रार होते. आधी सलाईननं धुवा, मग कोरडं करा, मग ग्लू. कोरडं म्हणजे खरंच कोरडं, सक्शन, गॉज, हलकी कॉटरी (विजेच्या उष्णतेनं रक्त थांबवणं), जे लागेल ते. झिरपणाऱ्या रक्तावर टाकलेला ग्लू रक्ताच्या वरती एक सुंदर पडदा करतो आणि खालून रक्त वाहत राहतं, मग थोड्या वेळानं तो पडदा अख्खा उचलून येतो. लावल्यावर पण घाईनं पाणी मारू नका, दहा मिनिटांत साधारण ७० टक्के ताकद येते आणि पूर्ण ताकद यायला दोन तास लागतात, म्हणजे लावून लगेच ओढून बघणं हा शुद्ध अन्याय आहे.

स्प्रेबद्दल मला गंभीरपणे सांगायचंय. गॅसच्या दाबानं फवारा मारताना हवा रक्तवाहिनीत शिरून एअर एम्बोलिझम झाल्याच्या घटना घडल्यात, त्यात पेशंट दगावलेत. युरोपच्या औषध संस्थेनं २०१२ मध्ये ह्याची तपासणी करून साध्या दाबाच्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायला सांगितलं, तसंच दाब आणि अंतर पाळायला सांगितलं. टिसीलच्या ओपन सर्जरीच्या स्प्रेसाठी अंतर १० ते १५ सेंटिमीटर आणि दाब १.५ ते २ बार. पण दरवेळेला तुमच्या हातातल्या किटवर काय लिहिलंय तेच बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. फवारा नीट येत नाही म्हणून नॉब वाढवणं किंवा टिप जवळ नेणं हे कोणीही सांगितलं तरी करायचं नाही, तोंडावर नाही म्हणायचं. मी म्हणते. आणि ग्लू रक्तवाहिनीच्या आत कधीच जाता कामा नये, गेला तर तिथेच गाठ होणार, ह्यात दुसरं काही होऊच शकत नाही.

पट्टीवाला प्रकार, म्हणजे टॅकोसिल. घोड्याच्या कोलॅजनचा स्पंज आणि त्याच्या एका बाजूला मानवी फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिनचा कोरडा थर. ती बाजू मुद्दाम पिवळी ठेवलीये म्हणजे कुठली बाजू खाली ते कळावं, आणि मला हे फार आवडतं, कारण गडबडीत पांढरं खाली की पिवळं खाली हा प्रश्न राहतच नाही. फ्रीझर नको, मशीन नको, पाकीट उघडायचं, कात्रीनं कापायचं, जागेपेक्षा थोडं मोठं ठेवायचं, सलाईननं ओलं करून दाबायचं आणि तीन ते पाच मिनिटं दाबून धरायचं. लिव्हरच्या कापलेल्या पृष्ठभागावर हे काय काम करतं ते बघायला मिळालं की माणूस खूश होतो. त्रास एकच, हात काढताना. ग्लोव्हजवर रक्त असेल तर पट्टी जागेला चिकटण्याऐवजी बोटाला चिकटते आणि हात उचलला की सगळी मेहनत वर येते. म्हणून ग्लोव्हज आधी सलाईननं स्वच्छ धुवून ओले ठेवायचे, आणि हात काढताना पट्टीची एक कड फोर्सेप्सनं दाबून धरायची. पाकीट ओटीत कात्रीजवळ ठेवताना पण ओल्या हाताचा थेंब लागू देऊ नका, एका थेंबानं तेवढा भाग कामातून जातो.

थोडा इतिहास सांगते कारण हे किट एवढं किचकट आणि महाग का आहे ते त्यातून कळतं. फायब्रिनची पावडर रक्त थांबवायला वापरायची कल्पना १९०९ ची, बर्गेल नावाच्या डॉक्टरांची. १९४० मध्ये यंग आणि मेडावार ह्यांनी प्राण्यांच्या नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, प्लाझ्मानं जोडून बघितल्या. १९४४ मध्ये फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र वापरून ग्राफ्ट चिकटवले गेले, पण तेव्हा फायब्रिनोजेन इतकं पातळ होतं की पकड टिकायची नाही. खरी कलाटणी १९७२ ची, व्हिएन्नामध्ये हेलेन मात्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मा गोठवून हळूहळू वितळवताना खाली बसणारा, फायब्रिनोजेननं भरलेला साका) वापरून घट्ट फायब्रिनोजेन घेतलं. त्यानंतर युरोपमध्ये तयार किट आलं पण अमेरिकेत नाही आलं, कारण अनेक डोनरचा प्लाझ्मा एकत्र करून केलेल्या फायब्रिनोजेनमधून कावीळ पसरायची आणि त्यामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे त्याचा परवाना रद्द झाला होता. टिसीलला तिथे मान्यता मिळाली थेट १९९८ मध्ये. मधली वर्षं डॉक्टर लोक ब्लड बँकेतलं क्रायोप्रेसिपिटेट आणि गाईच्या थ्रॉम्बिनची बाटली घेऊन स्वतः ग्लू करायचे. पण गाईच्या थ्रॉम्बिननं काही पेशंटच्या शरीरात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर पाच ह्या प्रोटीनच्या विरोधात अँटिबॉडी तयार व्हायच्या आणि रक्त थांबवायला दिलेल्या वस्तूनंच नंतर रक्तस्राव व्हायचा. म्हणून आताच्या किटमध्ये मानवी थ्रॉम्बिन असतं, डोनर तपासलेले असतात आणि प्लाझ्मावर विषाणू मारायच्या वेगवेगळ्या प्रक्रिया केलेल्या असतात. तरी पार्व्होव्हायरससारख्या विषाणूंचा धोका शून्य झालाय असं कोणी म्हणत नाही, माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

ह्याच्यामुळे मला एक गोष्ट फार खटकते. पेशंटला बहुतेक वेळा हे सांगितलंच जात नाही. रक्त चढवायच्या आधी वेगळी सही घेतो ना आपण, मग माणसाच्या प्लाझ्मापासून केलेली वस्तू अंगात घालताना दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे. काही लोकांच्या धर्मश्रद्धेत रक्तापासून केलेलं काही चालत नाही, काहींना घोड्याचं किंवा गाईचं कोलॅजन चालणार नाही, तो त्यांचा हक्क आहे. पेशंट वाचत असतील तर बिनधास्त विचारा, डॉक्टर ऑपरेशनमध्ये ग्लू वापरणार आहात का आणि तो कशापासून केलेला असतो. आणि ओटीतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, लॉट नंबरचा स्टिकर पेशंटच्या फाईलला चिकटवा, रजिस्टरला नाही, फाईलला. पुढे कधी तो लॉट परत मागवला तर कोणाला दिला होता हे दुसऱ्या कशातूनच सापडत नाही.

कुठे उपयोग होतो ते सांगायचं तर सगळ्यात समाधान मला डोळ्याच्या ओटीत मिळालं. टेरिजियम म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे वाढत येणारा मांसाचा पडदा, तो काढून त्या जागी कंजंक्टायव्हाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याचा, छोटा ग्राफ्ट लावतात. टाक्यांनी लावला तर वेळ जास्त आणि नंतर आठवडाभर डोळ्यात खडे गेल्यासारखं टोचत राहतं. ग्लूनं ऑपरेशन लवकर आटपतं, पेशंटला टोचत नाही, आणि अभ्यासांमध्ये टेरिजियम परत येण्याचं प्रमाणही कमी दिसलंय. मात्र ग्राफ्ट सरकण्यासारख्या तक्रारी ग्लूमध्ये थोड्या जास्त असू शकतात, म्हणून डोळा चोळायचा नाही हे पेशंटला आणि घरच्यांना दोघांनाही बजावून सांगावं लागतं. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण, शिवल्यावर टाक्यांच्या रेषेवर ग्लू देतात, पाणी झिरपू नये म्हणून. हर्नियाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जाळी टॅकरऐवजी (टॅकर म्हणजे जाळी बारीक खिळ्यांनी ठोकून बसवायचं साधन) ग्लूनं बसवली तर नंतर जांघेत राहणारं जुनाट दुखणं कमी होतं असं दिसलंय, आणि ज्यांनी टॅकरनंतर महिनोन्महिने दुखतंय म्हणून ओपीडीत येणारे पेशंट बघितलेत त्यांना ह्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

जिथे निराशा झाली ते पण लिहायलाच हवं. भगंदर म्हणजे फिस्टुलाच्या मार्गात ग्लू भरायचा आणि कापाकापी टाळायची, ही कल्पना ऐकायला इतकी छान होती की सगळ्यांनाच आशा वाटली होती, पण पुढे बऱ्याच पेशंटमध्ये तो परत उघडला आणि यशाचे आकडे घसरत गेले. शौचावरचा कंट्रोल मात्र बिघडत नाही, म्हणून करून बघायला हरकत नाही असं काही सर्जन म्हणतात आणि ते मला पटतं. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर होणारी गळती थांबवायला ग्लू लावतात पण अभ्यासात फारसा फायदा दिसलेला नाही, स्वादुपिंडाचे रस प्रोटीन पचवणारे असतात आणि फायब्रिन प्रोटीनच आहे, ते तिथे किती टिकणार. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत पाणी साठू नये म्हणून पण वापरून झालाय, तिथले निकाल उलटसुलट आहेत. अशा ठिकाणी "असू दे, लावून ठेवू" म्हणून किट उघडलेलं मला आवडत नाही. पैसे शेवटी पेशंटचेच जातात.

आता स्किन ग्लू. हा पूर्ण वेगळा प्राणी आहे, रक्ताशी काही संबंध नाही, हा सायनोॲक्रिलेट, म्हणजे घरातल्या झटपट चिकटणाऱ्या ग्लूचा औषधी भाऊ. हॅरी कूव्हर ह्यांच्या टीमला १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा पदार्थ सापडला, आणि जिथे तिथे चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. सुरुवातीचे प्रकार त्वचेला बाधायचे, मग रेणूची साखळी लांब करत ब्युटाइल आणि ऑक्टाइल प्रकार आले, आणि ऑक्टाइलवाल्या डर्माबाँडला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. घरातला ग्लू जखमेला लावू नका हे ह्यासाठीच सांगतात, तो स्टेराइल नसतो आणि त्याची रासायनिक जात वेगळी असते.

लहान मुलांच्या कपाळाच्या किंवा हनुवटीच्या छोट्या सरळ जखमेला ह्याच्याइतकी चांगली गोष्ट मी पाहिलेली नाही. भुलीचं इंजेक्शन नको, सुई नको, टाके काढायला परत यायला नको. पण लावायची पद्धत चुकली की सगळं फुकट. ग्लू जखमेच्या आत नाही, वर लावायचा. दोन्ही कडा बोटांनी किंवा फोर्सेप्सनं अगदी जुळवून धरायच्या, वरून पातळ थर ओढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग दुसरा थर. आत गेला तर कडा एकमेकांना भेटूच शकत नाहीत. जमताना गरम लागतं, जाड थर दिला तर चटका बसल्यासारखं होतं, मुलाला आधी सांगून ठेवलं तर ते दचकत नाही. कपाळाची जखम असेल तर पेशंटचं डोकं असं ठेवा की ग्लू ओघळला तर डोळ्यापासून लांब जाईल, आणि डोळ्यावर ओला गॉज ठेवा. तरी पापणी चिकटलीच तर ओढायचं नाही, डोळ्याचं मलम लावून ठेवायचं, हळूहळू सुटते.

हेच मलम जखमेवर मात्र नको. ही सूचना पेशंट सगळ्यात जास्त मोडतात कारण जखम म्हणजे मलम हे डोक्यात पक्कं बसलंय. व्हॅसलिन किंवा अँटिबायोटिक मलम ग्लूला मऊ करतं आणि जखम उघडते. अंघोळ चालते, भिजवत बसणं चालत नाही, ग्लूची खपली उपटायची नाही, ५ ते १० दिवसांत आपोआप निघते. सांध्यावर, तळहातावर, ओठाच्या आत, चावलेल्या जखमेला, पू असलेल्या जखमेला हा नकोच. ऑपरेशनच्या चिऱ्याला लावायचा असेल तर खालचे थर टाक्यांनी नीट जवळ आणलेले असायला हवेत, कारण टाक्यांच्या तुलनेत ग्लूनं बंद केलेली जखम उघडण्याचं प्रमाण अभ्यासांमध्ये थोडं जास्तच आलंय.

ॲलर्जीकडे अजून पुरेसं लक्ष जात नाही. ग्लू लावल्यावर काही दिवसांनी चिऱ्याच्या आजूबाजूला लाल, खाजणारं, बारीक फोड असलेलं पुरळ आलं तर लगेच इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतात, खरं तर ती ॲक्रिलेटची ॲलर्जी असू शकते. कृत्रिम नखं किंवा खोट्या पापण्या चिकटवायच्या ग्लूमध्ये ह्याच घराण्यातले पदार्थ असतात, म्हणून आता मी ऑपरेशनच्या आधी विचारते की नखांच्या किंवा पापण्यांच्या ग्लूनं कधी खाज आली होती का. हा प्रश्न प्रत्येक ओटीच्या चेकलिस्टमध्ये यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचे ग्लू थोडक्यात. बायोग्लू म्हणजे गाईचं अल्ब्युमिन आणि ग्लुटाराल्डिहाइड, महाधमनीच्या फाटलेल्या भिंतीसाठी, पकड जबरदस्त पण जमल्यावर कडक होतो, नर्व्हला (मज्जातंतूला) लागला तर इजा करतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या रक्तवाहिनीभोवती गोल फिरवून लावायचा नाही कारण तो वाढणार नाही. ड्युरासील हा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा निळा जेल, निळा असल्यामुळे थर किती झाला ते दिसतं आणि हे मला फार सोयीचं वाटतं, पण तो नंतर फुगतो, म्हणून मणक्याच्या अरुंद जागेत जाड थर म्हणजे मज्जारज्जूवर दाब. जठरातल्या फुगलेल्या नसांमधून रक्त येत असेल तर एंडोस्कोपीतून सायनोॲक्रिलेट सुईनं आत सोडतात, तिथे तो जीव वाचवतो, पण सुई नसेतच चिकटून बसणं आणि ग्लू वाहत फुप्फुसात जाणं हे दोन्ही धोके खरे आहेत. तिथे असिस्ट करणाऱ्याला आधीपासून सराव असलाच पाहिजे आणि खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा, पेशंटच्या पण.

किट मागवताना एक सुचवेन. मोठा पॅक परवडतो असं वाटतं पण बहुतेक ऑपरेशनला २ मिलीच्या वर लागत नाही, पातळ थरच चांगला चालतो, जाड थर जखम भरायलाच उलट अडथळा करतो. छोटा पॅक आधी उघडा, दुसरा फ्रीझरमध्ये तयार ठेवा, आणि फ्रीझरचं तापमान रोज लिहिणारा माणूस कोण आहे हे नक्की करा.